झावळी बांधलेल्या झाडावरून

मी एक म्हातारा उंदीर आहे. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. पोती कुरतडणाऱ्या तुमच्या उंदरांशी माझे काही देणेघेणे नाही. मी मांजराएवढा आहे, माझे केस तांबूस आहेत आणि जन्मात मी कधी जमिनीला पाय लावलेला नाही. वांगुनू बेटावरची माणसे आमच्या जातीला ‘विका’ या नावाने ओळखतात. या बेटाबाहेर आमचे कोणी नाही, आणि बेटावरही आता विचारू नका.

माझा जन्म डोंगरउतारावरच्या एका नगालीच्या ढोलीत झाला. नगाली म्हणजे आमच्याकडचा बदाम, पण कवच असे की माणसांना ते फोडायला दोन दगड लागतात. मला माझे चार दात पुरतात. कवचाला गोल भोक पाडायचे आणि आतला गर काढून घ्यायचा. आईने मला तीन गोष्टी शिकवल्या. पहिली हे भोक पाडणे. दुसरी फांदीवरून फांदीवर चालणे. तिसरी, माणूस दिसला की ढोलीत शिरणे.

तेव्हा फांदीला फांदी भिडलेली असे. खाली न उतरता डोंगराच्या धारेपर्यंत जाता येई. त्या धारेवर एक मादी राहत होती. दर हंगामाला मी तिच्याकडे जायचो. आमची तीन पिल्ले झाली. त्या दिवसांत मी सुखी होतो.

माझे झाड लिओरा आजीच्या घराण्याचे. कोणती नगाली कोणाच्या पणज्याने लावली, हे इथे शेंबड्या पोरालाही पाठ असते. आजी फळे वेचायला आली की माझी भोकाची कवचे उचलून न्याहाळायची आणि वर बघून म्हणायची, "खा बाबा पोटभर. पण माझ्यासाठी चार ठेव हो." माझे एवढे कौतुक दुसऱ्या कोणी केले नाही.

मग खाडीत लाकूड नेणारे जहाज येऊन उभे राहिले. जहाजवाल्यांना कोणते रान तोडायला द्यायचे ते ठरवायला गावकरी आजीला घेऊन डोंगर चढून आले आणि दमून माझ्याच झाडाखाली बसले. आजीचा पुतण्या जोथम त्यांचा मुखिया होता. आजीने टोपलीतून एक कवच काढून त्याच्या हातावर ठेवले.

"हे बघ. वर विका आहे. धारेपर्यंतचं रान देऊ नकोस."

"काकू, हे कुठल्याही उंदराचं काम असेल."

"घरातल्या उंदराला इतकं गोल जमतं होय? लहानपणी तुझ्या आजोबांनी दाखवला नव्हता तुला विका?"

"आजोबांनी मला समुद्रातलं भूतपण दाखवलं होतं," जोथम म्हणाला, आणि सगळे हसले. मग तो जरा नरमला. "बरं, मला नुसता दाखव. आत्ता दिसला, तर रान देत नाही."

आजीने वर पाहिले. मी ढोलीच्या तोंडाशीच होतो. नुसते डोके बाहेर काढायचे होते. पण आईची तिसरी गोष्ट आठवली आणि मी आत सरकलो. मित्रांनो, माझ्या हातून झालेली चूक ती हीच.

"तुझं झाड राहील, काकू," जोथम शेवटी म्हणाला. "झावळी बांध त्याला. कोणी हात लावणार नाही."

विणलेली झावळी बांधली की त्या झाडाला कोणी शिवत नाही, ही इथली रीत. आजीने पक्की गाठ मारली. झाड वाचले म्हणजे विका वाचला, असे त्या भाबडीला वाटले. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले.

गावाने शब्द पाळला. करवती सहा दिवस चालत आणि शनिवारी, इथल्या प्रार्थनेच्या वारी, सगळे चर्चमध्ये गेले की थांबत. पावसाळ्याआधी सगळा उतार उघडा झाला. फक्त माझे झाड उभे राहिले. पहिल्यांदाच मला ढोलीतून धार दिसली. तिथेही झाड नव्हते. माझ्या मादीचे आणि पिल्लांचे काय झाले, मला कळले नाही. खाली उतरावे तर गावची कुत्री वाट बघत असतात.

परवा आजी आली, जोथमचा हात धरून. या वेळी मी मुद्दाम बाहेर आलो आणि फांदीवर बसून राहिलो.

जोथम मान वर करून फांदीखाली येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "काकू, आहे गं खरंच."

"आता दिसला होय तुला."

"अजून झावळ्या बांधू. मी स्वतः बांधतो."

"बांध की," आजी म्हणाली. "पण कोणत्या झाडाला बांधतोस?"

जोथमने चहूकडे पाहिले आणि तो खाली बसला.

मित्रांनो, तुमच्याकडे कोणी एखाद्याचे घर वाचवायला निघाले, तर त्याची येण्याजाण्याची वाटही मागून घ्या. आम्हाला ते सुचले नाही.

यंदा झाड फुलले, पण फळ धरले नाही. नगालीलाही जवळपास जोडीदार लागतो, हे मला ठाऊक नव्हते. गेल्या हंगामातली चार फळे ढोलीत उरली आहेत. भूक लागते, पण मी त्यांना दात लावत नाही. ती आजीची आहेत.