निळी वाटी आणि एकोणीस सकाळी

मित्रांनो, मी एक जुना ऑडिओमीटर आहे. नाव ऐकून बिचकू नका, माझे काम तुम्हाला चटकन समजेल. माणसाला किती बारीक आवाज ऐकू येतो, ते मी मोजतो. दिसायला मी अगदीच साधा आहे. करड्या रंगाची पेटी, तिच्यावर दोन गोल चकत्या, एक काळे बटण आणि वायरीला जोडलेला हेडफोन. हेडफोनच्या दोन वाट्या मात्र माझी शान आहेत. लाल वाटी उजव्या कानासाठी आणि निळी डाव्या कानासाठी. आमच्या खोलीत हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती.

कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा माझा एकेक सूर तासन्‌तास मोजून पाहिला गेला. पास झाल्याची चिठ्ठी पाठीवर चिकटली आणि मला जणू शिंगेच फुटली! तिथून मी एका मोठ्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात आलो. टेबलापलीकडे जाड काचेची खिडकी होती आणि खिडकीआड गादी लावलेल्या भिंतींची एक छोटी खोली. रुग्ण आत बसायचा, डोक्यावर हेडफोन चढवायचा आणि सूर ऐकू आला की हातातले बटण दाबायचा. तो किती आकड्यावर ऐकतो, ते कागदावर उतरायचे. आकडा जेवढा मोठा, कान तेवढा अधू. एवढे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. कोणी पाहुणे आले की विभागाच्या डॉक्टरीणबाई मला दाखवून म्हणायच्या, "यंत्र असावं तर असं!" मग एक दिवस पडदा असलेले नवे यंत्र आले आणि कौतुक तिकडे गेले. माझे झाकण फाटले, त्याला चिकटपट्टी लागली. मी अडगळीतच जायचो, पण एका संशोधनामुळे वाचलो. ते माझ्यावर सुरू झाले होते, म्हणून माझ्यावरच संपायला हवे होते. निम्म्यात माप बदलले तर हिशेब कसा लागणार?

संशोधन होते अचानक येणाऱ्या बहिरेपणावर. माणूस रात्री धडधाकट झोपतो आणि सकाळी उठतो तो एक कान गेलेला. अशा रुग्णांना गोळ्या देऊन तीन आठवड्यांनी पुन्हा माझ्यासमोर बसवत. कान सुधारला असेल तर गोळ्याच चालू राहत. सुधारला नसेल तर पुढचा उपचार, म्हणजे कानाच्या पडद्यातून औषधाची सुई. या आजारात जेवढा उशीर, तेवढी आशा कमी. म्हणून माझा आकडा चुकणे परवडणारे नव्हते.

मला चालवणारी होती ताई. तिला लहानथोर सगळे ताईच म्हणत. सतरा वर्षे तिचीच बोटे माझ्या चकत्यांवर फिरली. रोज सकाळी पहिला रुग्ण यायच्या आधी ती हेडफोन स्वतःच्या डोक्यावर चढवायची. लाल वाटीतून एकेक सूर, मग निळ्या वाटीतून एकेक सूर. स्वतःच्या कानांनी माझी परीक्षा घ्यायची आणि वहीत "ठीक" असे लिहायची. आमच्या कामात ही रीतच आहे. सकाळची ती पाच मिनिटे मला फार आवडत. कोणी हेडफोन उलटा घातला तर मात्र ताई कडाडायची, "अहो, लाल उजवा, निळा डावा! किती वेळा सांगायचं?"

एका शुक्रवारी एक रुग्ण हेडफोन न काढताच उठला. वायर ताणली गेली आणि निळी वाटी फरशीवर आपटली. मला जरा लागले, पण सूर हलला नाही. सोमवारी ताईने नेहमीप्रमाणे मला कानाला लावले. लाल वाटी दहावर ऐकू आली. निळी पस्तीसपर्यंत ऐकूच येईना. ताईने वाटी हलवली, वायर दाबली, पुन्हा ऐकले. पुन्हा पस्तीस.

"पडली तेव्हाच बसली ही," ती पुटपुटली.

मित्रांनो, मी धडधाकट होतो! पण मला तोंड कुठे आहे? मला फक्त सूर आहेत, आणि ते मी तिच्या डाव्या कानात खरेखुरे वाजवत होतो.

ताईने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात येतो." तोवर मला बंद ठेवले तर रुग्णांच्या ठरलेल्या तारखा हुकणार, आणि तारीख हुकली की रुग्ण संशोधनातून बाहेर. ताईच्या जिवावर आले. तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही आणि वहीत पेन्सिलीने लिहिले, "निळी मंद. पंचवीस वजा." त्या दिवसापासून प्रत्येक डाव्या कानाच्या आकड्यातून ती पंचवीस वजा करू लागली. नाचता येईना म्हणून अंगण वाकडे म्हणणाऱ्यांतली ती नव्हती. तिच्या कानांनी सतरा वर्षांत दगा दिला नव्हता, एवढेच. दोन्ही वाट्यांची अदलाबदल करून पाहिली असती तर एका क्षणात उलगडा झाला असता. पण लाल उजवा, निळा डावा! वाट्या उलट घालायचे तिच्या मनातही आले नाही.

असे अठरा दिवस गेले.

एकोणिसाव्या दिवशी घड्याळवाले काका आले. चौकात त्यांचे घड्याळदुरुस्तीचे छोटे दुकान होते. तीन आठवड्यांपूर्वी, निळी वाटी पडायच्या आधी, त्यांचा डावा कान सत्तरवर होता. आज मी मोजला, सत्तरच. ताईने पंचवीस वजा केले, पंचेचाळीस लिहिले आणि खिडकीआडून हसत काकांना बाहेर बोलावले.

"काका, पेढे द्या! कान चांगलाच सुधारलाय. गोळ्या चालू ठेवायच्या, सुईची गरज नाही."

काका खूश झालेच नाहीत. त्यांनी डोके खाजवले.

"तुम्ही म्हणता तर असेल, ताई. पण माझा आपला एक साधा हिशेब आहे. रोज दुकान उघडलं की चावीचं घड्याळ आधी उजव्या कानाला लावतो, मग डाव्या. उजवीकडे टिकटिक येते. डावीकडे अजून मुकंच आहे."

"घड्याळ बंद पडलं असेल."

"घड्याळ माझं आहे, ताई! बंद पडलं तर मी काय धंदा करतो?" त्यांनी खिशातून ते काढले आणि तिच्या तळहातावर ठेवले. "घ्या, तुम्हीच ऐका."

ताईने हसत हसत घड्याळ उजव्या कानाला लावले. मान डोलावली. मग डाव्या कानाला लावले आणि तिचे हसू गेले. पुन्हा उजव्या, पुन्हा डाव्या.

मग ताईने मला जवळ ओढले आणि सतरा वर्षांत कधी केले नव्हते ते केले. निळी वाटी उजव्या कानावर चढवली. मी दहावर सूर सोडला. तिला तो स्वच्छ ऐकू आला. लाल वाटी डाव्या कानावर होती. तिथे दहावर काही नाही, वीसवर नाही, तिसावर नाही.

"काका, जरा बसा," ती म्हणाली. "जाऊ नका. मी मॅडमना बोलावते."

डॉक्टरीणबाई आल्या. ताईने पेन्सिलीची ती ओळ त्यांना दाखवली, काही न लपवता.

"किती दिवस झाले?"

"आज एकोणीस."

"दुसरं काही जाणवलं नाही?"

"त्या सकाळी कानाला दडे बसल्यासारखं वाटलं होतं. म्हटलं, सर्दी असेल. लेक म्हणत होती, आई, तू हल्ली ऐकून न ऐकल्यासारखं करतेस. तिच्यावरच ओरडले मी."

"ताई, दडे बसले की त्याच दिवशी या, असं तुम्ही रोज दहा जणांना सांगता."

"हो, मॅडम," एवढेच ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जो आजार शोधण्यात तिने वर्षे घातली, तो तिच्याच कानात येऊन बसला होता आणि तिने त्याचे खापर माझ्यावर फोडले होते. पण मला तिचा राग आला नाही. मला तिची दया आली.

डॉक्टरीणबाईंनी ताईला आत बसवले आणि स्वतः माझ्यासमोर बसल्या. काचेपलीकडे ताईचा अंगठा बटणावर टेकलेला होता. मी दहावर सूर सोडला, पंधरावर सोडला, वीसवर सोडला. अंगठा हलेना. मी आयुष्यात हजारो कान तपासले, पण एखाद्याने बटण दाबावे म्हणून असा कासावीस कधी झालो नव्हतो. पस्तीसवर अंगठा हलला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर आकडा लिहिला आणि त्याच दुपारी ताईचे उपचार सुरू केले.

काकांना ताईने स्वतः सांगितले. "काका, तुमचा कान सुधारला नव्हता. माझा आकडा चुकला. तुम्हाला सुई लागेल, आजच."

"म्हणजे माझं घड्याळ खरं म्हणायचं," काका म्हणाले. मग हळूच विचारले, "आणि तुमच्या कानाचं हो?"

"बघू."

दुसऱ्या दिवशी ताई कागदांचा गठ्ठा घेऊन बसली. एकोणीस दिवसांत अकरा डावे कान तपासले गेले होते. संशोधनाच्या कागदावर खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे जुना आकडा वाचता येतो, आणि शेजारी कारण, सही आणि तारीख टाकायची. ताईने अकरा रेघा मारल्या. कारण म्हणून तिने अकरा वेळा लिहिले, "तपासणाऱ्याचा कान अधू." मग काका सोडून बाकीच्या दहा जणांना फोन करून परत बोलावले. त्यांतल्या चौघांना सुईची गरज निघाली.

तीन महिन्यांनी काकांचा कान तिसावर आला. ते पेढे घेऊन आले आणि डाव्या कानाला घड्याळ लावून सगळ्या विभागात मिरवले. ताईचा कान मात्र पस्तीसवरून तिसावर आला आणि तिथेच थांबला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ती पहिल्याच आठवड्यात आली असती तर कदाचित अजून उतरला असता. कदाचित.

आता आमच्या खोलीत रोज सकाळी दोघीजणी मला तपासतात, आधी ताई आणि मग तिची सहकारी. दोन्ही वाट्या दोन्ही कानांना लावतात. संशोधनही संपत आले आहे. ते संपले की मला कपाटात ठेवतील. त्याचे मला वाईट वाटणार नाही.

पण मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. सकाळी उठल्यावर एका कानाला दडे बसलेले वाटले तर सर्दी म्हणून सोडून देऊ नका. आईला, बाबांना, जो कोणी मोठा जवळ असेल त्याला त्याच दिवशी सांगा. आणि घरातले मोठे माणूस तुमची हाक ऐकून न ऐकल्यासारखे करू लागले तर त्याच्यावर रुसू नका. त्याचा हात धरून त्याला आमच्याकडे घेऊन या. आमच्या ताईच्या लेकीला हे कोणी सांगितले नव्हते. ती अजून आईच्या डाव्या बाजूने बोलायला लागते, मग आठवण होऊन थांबते आणि उजवीकडे येऊन पुन्हा पहिल्यापासून सांगते.