आडवेबाबांची माळ

"त्यात कसला आलाय चमत्कार? डोळे मिटून रस्ता तर मीसुद्धा ओलांडून दाखवीन!" असं शाळेच्या मास्तरीण विमलाबाई म्हणाल्या, आणि बोलण्याला जरा ठसका यावा म्हणून हातातली छत्री त्यांनी रस्त्याकडे रोखली. तेवढ्यात उतारावरून जांभ्या चिऱ्यांचा एक ट्रक चोरपावलांनी आला. छत्रीचा दांडा त्याच्या मागच्या फाळक्याच्या कडीत अडकला आणि बाईंचा हात रिकामा झाला. ट्रक रत्नागिरीला गेला. छत्रीही गेली.

कोंडतिठ्यावर जमलेली शंभर-दीडशे माणसं पोट धरून हसली.

"बाई, ह्यां तर डोळे उघडे असताना झालां!" कुणीतरी ओरडलं.

आडवेबाबा मात्र हसले नाहीत. ते हातातली माळ ओढत डांबरापासून तीन पावलं मागे उभे होते. म्हणाले, "छत्रीवर भागलं, पोरी. वाहनाला आव्हान देऊ नये."

साल शहाऐंशी. कोंडतिठ्याची गंमत अशी, की वाडी रस्त्याच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. मधून रत्नागिरीला उतरणारा डांबरी रस्ता. दोन वर्षांपूर्वी तो रुंद झाला, तेव्हा वाडीने पेढे वाटले होते. मग गाड्या वाढल्या. आधी गाड्यांखाली कोंबड्या गेल्या, मग गुरवांची म्हैस गेली, आणि शिमग्यात आनंदीबाई गेल्या. डोक्यावर सरपणाच्या फाट्यांचा भारा घेऊन रस्ता ओलांडत होत्या. विमलाबाईंनी तीनदा अर्ज केला: वेग कमी करा असा फलक लावा, गतिरोधक घाला. तीनदा उत्तर आलं, विषय विचाराधीन आहे.

विषय विचाराधीन असतानाच दिवाळीनंतर घाटावरून आडवेबाबा आले. काळी कफनी, गळ्यात कवड्या, हातात रुद्राक्षाची माळ. रोज सकाळी दहाला ते तिठ्यावर उभे राहत, डोळे मिटून माळ ओढत, आणि मनात आलं की सरळ रस्त्यात शिरत. पलीकडे जाऊनच डोळे उघडत. महिनाभर एका गाडीनेही त्यांच्या कफनीला वारा लावला नव्हता.

"गाडी म्हणजे काय?" बाबा विचारत. "लोखंड! लोखंड कुठून आलं? भूमीतून! भूमी कुणाच्या शब्दात?" आणि छातीवर थाप मारत.

"पण बाबा, गाडीला रबराची चाकं पण असतात," केरू नावाच्या एका चिकित्सकाने एकदा विचारलं.

"रबराचं माझे गुरुबंधू बघतात," बाबा म्हणाले. केरूचं समाधान झालं.

छत्री गेली त्याच सभेत सरपंच विठूअण्णांनी जाहीर केलं, की येत्या सोमवारी बाबा शाळेच्या एक्केचाळीस पोरांना काळा दोरा बांधतील आणि सगळ्यांना डोळे मिटून पलीकडे नेतील. दोरा एकदा अंगी लागला की जन्मभर बघायचं काम नाही. विमलाबाई आडव्या आल्या त्या इथेच, आणि तोंडातून ती बढाई निघून गेली.

"ठरलां तर मग," विठूअण्णा म्हणाले. "सोमवारी आधी बाई जातील डोळे मिटून. त्या सुखरूप पोचल्या तर दोरा नको. नाय तर..." पुढचं त्यांनी शिष्टाचार म्हणून गिळलं.

त्या दिवसापासून बाईंना वाडीत तोंड लपवायला जागा उरली नाही. विहिरीवर गेल्या, "सोमवारी ना, बाई?" दुकानात गेल्या, "सोमवारी ना?" पोस्टमनने टपाल देताना त्यांच्याकडे असं बघितलं, की जणू पुढचं टपाल कुणाकडे द्यायचं ते विचारतोय. आजारपणाची रजा टाकावी तर शेजारच्या गोदूबाई काढा घेऊन येणार आणि तोंडात ओतून उभं करणार. माघार घ्यावी तर एक्केचाळीस पोरं डोळे मिटून डांबरावर. पुढे व्हावं तर स्वतः डांबरावर. पुढे ट्रक, मागे वाडी, मधे बाई.

दोरा नको म्हणून त्या गंगाकडे गेल्या. गंगा म्हणजे आनंदीबाईंची सून. तिची मैना दुसरीत होती.

"गंगा, तू तरी तुझ्या पोरीला पाठवू नकोस गो."

गंगा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, तुमचां बरां हाय. पोर रोज दोन टायमाला रस्ता ओलांडता. ती परत येईपत्तुर मी उंबऱ्यात उभी. तुमी तीन अर्ज केलांव, कोण आला? बाबा निदान आला तरी."

बाई उठून घरी आल्या.

गुरुवार-शुक्रवार त्यांनी बाबांवर पाळत ठेवली. बाबा उभे राहत, माळ ओढत, कधी लगेच शिरत, कधी बराच वेळ थांबत. गाडी आली की ती जाऊ देत आणि मागून चालू लागत. डोळे खरोखरच मिटलेले. बाईंनी अगदी जवळ जाऊन पाहिलं. फक्त एक गोष्ट त्यांना डाचत होती. छत्री गेली तेव्हा तो ट्रक कुणालाच ऐकू आला नव्हता. मग बाबा आधीच तीन पावलं मागे कसे?

शनिवारी निरोप आला: तुमची छत्री वरच्या चिरेखाणीवर हाय, घेऊन जा. बाई चढ चढून खाणीवर गेल्या. ट्रकचा डायवर बाबल्या ओशाळून छत्री घेऊन उभाच होता.

"बाई, बसा केबिनीत. तिठ्यावर सोडतो. तेवढीच माझी भरपाई."

बाई बसल्या. ट्रक उताराला लागताच बाबल्याने चावी फिरवून इंजिन बंद केलं. सगळं शांत झालं. मागे भरलेले चिरे, खाली उतार, आणि आवाज फक्त वाऱ्याचा.

"अरे, इंजिन का बंद केलंस?"

"उतार हाय ना. डिझेल कशाला जाळायचां?"

समोर वळणावर राखणदार देवाचा शेंदूर फासलेला दगड दिसला. बाबल्याने तीन वेळा हॉर्न वाजवला. मग दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलले, जोडले, आणि डोळे मिटले.

"बाबल्या! पुढे बघ!"

"हितपासून तिठ्यापत्तुर राखणदाराची हद्द, हितं आपण नाय बघायचां, बाई," बाबल्या डोळे मिटूनच म्हणाला. "तो बघतो."

राखणदार बघत असेल-नसेल, बाईंनी स्टेअरिंग धरलं. ट्रक रस्त्याकडेच्या कुंपणाचे दोन खांब घेऊन पुन्हा रस्त्यावर आला.

"तुमी कशाला धरलांव?" बाबल्या रागावला. "बापाच्या टायमापासून सगळे डायवर हितं तीन हॉर्न देऊन हात जोडतात. हॉर्न नाय दिला तर गाडी उलटते."

"कुणाची उलटली?"

"कुणाचीच नाय. सगळे देतात ना."

बाईंचं मात्र त्याच्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. खाली तिठा दिसत होता. काठावर काळी कफनी उभी होती, आणि पुढे टाकलेला एक पाय हळूच मागे घेत होती.

त्या क्षणी विमलाबाईंना सगळं कळलं. उतारावरची गाडी इंजिन बंद करून येते, म्हणून वाडीला ऐकू येत नाही. पण तिच्या आधी तीन हॉर्न येतात. खालून चढणारी गाडी पहिल्या गिअरमध्ये रडत येते, ती बहिऱ्यालाही कळते. बाबाला डोळ्यांची गरजच नव्हती. त्याचे कान तिखट होते.

आनंद तिठ्यापर्यंत टिकला. उतरता उतरता बाईंच्या लक्षात आलं, की आपण आता आणखी घट्ट अडकलो. आपणही हॉर्न ऐकून डोळे मिटून गेलो आणि सुखरूप पोचलो, तर वाडी काय म्हणेल? बाबांची कृपा बाईंवरही झाली, म्हणेल. आणि दोरे दुप्पट बांधेल.

सोमवारी तिठ्यावर जत्रा भरली. पोरं रांगेत उभी, मैना सगळ्यात पुढे. गंगा तिच्या शेजारी, पदर तोंडात धरून. गोदूबाईंनी नारळ आणला होता. बाबांसाठी की बाईंसाठी, ते त्यांनी सांगितलं नाही.

"चला बाई, मिटा डोळे," विठूअण्णा म्हणाले.

"मिटते. पण आधी बाबांनी जावं. गुरूच्या आधी कसं जायचं?" बाई म्हणाल्या, आणि शाळेच्या प्रथमोपचार पेटीतला कापूस त्यांनी पुढे केला. "आज एवढं करा. डोळे मिटलेलेच आहेत, कानातही हे घाला."

बाबांची माळ थांबली. "कापूस कशाला?"

"लोखंड तुमच्या शब्दात आहे ना? मग कान उघडे काय नि बंद काय."

"मंत्र कर्णातून संचार करतो, पोरी. कर्ण बुजवले तर तेज कोंडतं."

"कोंडू दे की," गोदूबाई म्हणाल्या. "कोंडलां तर जास्तच पेटंल."

लोक हसले. गंगाने तोंडातला पदर काढला. "घाला ओ बाबा. माजां पोर तुमच्या मागनं जायाचां हाय. मला एकदा बघू दे."

विठूअण्णांना कार्यक्रमाची घाई होती; त्यांनी स्वतःच्या हाताने बाबांच्या दोन्ही कानांत कापूस ठासला, वरून पंचा बांधला. बाबा रस्त्याच्या काठावर उभे राहिले.

आणि उभेच राहिले.

माळ एकदा पूर्ण फिरली, दुसऱ्यांदा फिरली. बाबांच्या मानेवरून घाम कफनीत उतरू लागला. एक बोट हळूच पंचाखाली शिरलं, कापूस उकरायला. विठूअण्णांनी आदराने ते खाली घेतलं. पोरं खिदळायला लागली. मागे फिरावं तर महाराजपण जातं, पुढे जावं तर जीव. गेले पाच दिवस बाई जिथे अडकल्या होत्या, नेमके तिथेच आता बाबा उभे होते. बाईंना त्यांची दयाही आली.

वर वळणावर तीन हॉर्न वाजले. अख्ख्या तिठ्याने ऐकले. बाबांनी ऐकले नाहीत. इतका वेळ काही आलं नाही, म्हणजे आता येत नाही, असा काहीतरी हिशेब करत त्यांनी आणखी चार मणी ओढले, आणि ट्रक तिठ्याजवळ आला नेमका तेव्हाच पाय उचलला.

"बाबा, गाडी!" सगळे ओरडले. बाबा दोन पावलं आत गेले.

विमलाबाई धावल्या. छत्रीची वाकडी मूठ कफनीच्या गळ्यात अडकवून त्यांनी सगळा जोर लावून ओढलं. बाबा पाठीवर पडले, बाई त्यांच्यावर पडल्या, आणि समोरून चिऱ्यांचा ट्रक सावलीसारखा निघून गेला. केबिनीत बाबल्या बसला होता. दोन्ही हात जोडलेले. डोळे मिटलेले.

गंगाने मैनाला जवळ ओढलं.

"बघितलंत?" बाई धूळ झटकत उठल्या. "रस्ता ओलांडणारा डोळे मिटून, आणि गाडी चालवणाराही डोळे मिटून! आपल्या आनंदीबाई ह्या दोघांच्या मधे सापडल्या. कुणाचा कोप नव्हता, कुणाची बाधा नव्हती. आता पुढचा हॉर्न ऐका, आणि पोरांनो, मोठ्याने मोजा."

तीन हॉर्न वाजले. पोरं मोजू लागली. सव्विसाव्या आकड्याला एक जीप आवाज न करता समोरून गेली. पुढच्या वेळी पंचविसाला टेम्पो. तिसऱ्या खेपेला विठूअण्णाही मोजत होते.

"हाच बाबांचा मंत्र," बाई म्हणाल्या. "हॉर्न आला की थांबायचं, गाडी गेली की चालायचं. आणि ज्या दिवशी एखाद्याचा हॉर्न बिघडलेला असेल, त्या दिवशी एक्केचाळीस पोरं रस्त्यात असतील."

"मग आता तुमी मिटा डोळे," मागून केरू म्हणाला. त्याला कार्यक्रम अपुरा वाटत होता.

"नाही मिटणार," बाई म्हणाल्या. "तेव्हा बोलले ती बढाई होती, आणि मूर्खपणाची होती. देवाने म्हणा, आईबापांनी म्हणा, मला दोन डोळे दिलेत, ते रस्त्यात मिटायला नाहीत. डायवरला दोन हात दिलेत, ते स्टेअरिंगला. राखणदाराला नमस्कार करायचाय? गाडी थांबवा, उतरा, पोटभर करा. आणि आपण दोन्हीकडे बघून, हात धरून जाऊ. उद्यापासून एक माणूस वळणावर लाल फडकं घेऊन उभा राहील. पाळीपाळीने. चौथा अर्जही करू, ह्या वेळी सगळ्यांच्या सहीने."

"पयली पाळी माजी," गंगा म्हणाली. तिने मैनाचा हात धरला, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं, आणि रस्ता ओलांडला. मागून एक्केचाळिसातली उरलेली चाळीस गेली. बाबाही त्याच रांगेत शेवटी होते. महिन्याभरात प्रथमच डोळे उघडे ठेवून. पलीकडे पोचल्यावर ते थांबले नाहीत.

दोन महिन्यांनी फलक आला. लोखंडी, पिवळा: "सावकाश. पुढे शाळा आहे." नवी वस्तू म्हणून गोदूबाईंनी त्याला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि नारळ फोडला. तिसऱ्या दिवशी, मुलं वर्गात असताना, बाबल्या ट्रक घेऊन उतरला. राखणदारापाशी त्याने नव्या नियमाप्रमाणे ट्रक थांबवला, उतरून नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून तिठ्यावर आला. तिथे त्याला हार घातलेला फलक दिसला. त्याने हात जोडले. फलक मोडला. फलकाला विमलाबाईंनी छत्री अडकवून ठेवली होती, ती रत्नागिरीला गेली.