ओठावरचा जर

लेक उद्या तीन वर्षांसाठी दूरदेशी नोकरीला निघणार, आणि आज सकाळीच कारागिराच्या ओठाला जर उठला. आधी चुणचुण, मग आग, आणि दुपारपर्यंत पाण्याने टरारलेले बारीक फोड. वर्षातून तीन-चारदा हा पाहुणा न बोलावता टपकायचा आणि आठ-दहा दिवस मुक्काम ठोकायचा. "ह्यांच्या नशिबात जरच फार, तर कुठं दिसतच नाही," अशी बायकोची जुनी थट्टा होती.

कारागीर क्लॅरिनेट आणि बासऱ्या दुरुस्त करायचा. जर असला की तो कुठल्याच वाद्याला तोंड लावत नसे. गिऱ्हाइकालाच वाजवून बघायला सांगायचा आणि आज दम लागतोय म्हणून ठोकून द्यायचा. खरं सांगायची त्याला लाज वाटे. ओठावर फोड दिसला की लोक भलतेसलते तर्क लढवतात.

पण खरी भीती होती ती लेकीची. ती आठ दिवसांची असताना तो असाच फुटलेला ओठ घेऊन पाळण्यावर वाकला आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. एवढ्या तान्ह्या जिवाच्या हे जिवावर बेतू शकतं, म्हणाल्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढं. पोर धावायला लागली, शाळेत गेली, ओठ महिनोन् महिने स्वच्छ असायचा, तरी ह्याच्या मनातली धास्ती जाईना. ती गळ्यात पडायला आली की हा मान फिरवायचा. का, ते कधी सांगितलं नाही. बायकोलाही सांगू दिलं नाही.

संध्याकाळी लेक निरोप घ्यायला दुकानात आली. तो तोंडावर रुमाल धरून बसला होता. आज बोललो नाही तर मग राहिलंच, हे त्याला कळत होतं. त्यानं रुमाल काढला.

"मला हा जर येतो. तुला लागण होईल म्हणून मी तुला कधी जवळ घेतलं नाही."

लेकीनं ओठाकडं नीट पाहिलं. मग शांतपणे सांगितलं की तिलाही येतो, कॉलेजात असल्यापासून. कुणाकडून आला ते कळायला मार्ग नाही, कितीतरी लोकांच्या अंगात तो असतोच, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. इतकी वर्षं राखण करून काय मिळवलं, असं कारागिराला झालं.

"एवढंच होतं, बाबा?"

"एवढंच."

"मला वाटायचं, माझ्या तोंडाला वास येतो. तुमची घरी यायची वेळ झाली की मी दात घासून दारात उभी राहायचे."

कारागिराला ती दारातली पोर लख्ख आठवली, हनुवटीवर पेस्टचा फेस सुकलेली. आमची लेक भारी शिस्तीची, न सांगता संध्याकाळीसुद्धा दात घासते, असं तो तेव्हा येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगत असे.