लायटनसाठी एक झाड

लायटन गेला तो जानेवारीत. मका गुडघ्याला लागला होता आणि आमच्या वड्या ओल्या होत्या. मरणाला मुहूर्त नसतो हे मला कळतं, पण सुगीनंतरचा एखादा कोरडा महिना त्याने निवडला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, असं अजून मनात येतं. मग स्वतःचीच लाज वाटते. मेलेल्या माणसाला सोयीचा महिना कोण विचारतं?

वड्या म्हणजे आमचं जळण. मक्याचा कोंडा, रद्दी आणि लाकडाचा भुसा रात्रभर भिजवायचा, उखळात कुटायचा, फळीखाली दाबून तळहाताएवढ्या चकत्या करायच्या, मध्ये भोक ठेवायचं. वाळल्या की मातीच्या चुलीत निमूट जळतात, डोळ्यांत पाणी नाही की खोकला नाही. पावसात मात्र रुसलेल्या सवतीसारख्या चुलीत बसून राहतात, काही केल्या बोलत नाहीत. मंडळात आम्ही चौदा बाया. चार गावांत फिरून आम्ही लोकांना वड्या आणि चुली शिकवल्या, त्या एका टेकडीसाठी. नमासोको टेकडी. गावाच्या डोक्यावर आहे आणि आठ वर्षांपूर्वी हजामत केल्यासारखी बोडकी होती.

तिची हजामत ज्यांनी केली त्यांत लायटन पहिला.

आमच्यात नवरा बायकोच्या गावी नांदायला येतो. लायटन एनेलेसीकडे आला तो एक कुऱ्हाड आणि एक चादर घेऊन. टेकडीवर भट्ट्या लावून कोळसा पाडायचा आणि सायकलवर पोती लादून शहरात न्यायचा. एनेलेसीने मंडळ काढलं तेव्हा पहिल्याच सभेत ती उभी राहून म्हणाली, “बायांनो, चोर शोधायला लांब जायला नको. माझ्याच चटईवर झोपतो.” आम्ही पोट धरून हसलो. लायटन आंब्याखाली बसून सायकलीची साखळी पुसत होता, तो पुसतच राहिला. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन टेकडीवर गेला आणि आम्हाला हाक मारली. तोडलेल्या बुंध्याला दहा धुमारे फुटतात, त्यांतला एक सरळ निवडून ठेवायचा आणि बाकीचे छाटायचे, हे त्यानेच शिकवलं. कुठलं झाड कसं फुटतं हे तोडणाऱ्याइतकं कोणाला कळणार? आठ वर्षांत तेच धुमारे मांडीएवढे जाड झाले. राखणीला तोच असायचा. छाती मात्र भट्ट्यांच्या धुराने आधीच खाल्लेली होती.

त्यांना मूलबाळ नव्हतं. आमच्यात जावई मेला की त्याचे मामा येतात आणि त्याला आईच्या गावी नेऊन पुरतात. जावई म्हणजे पाहुणा कोंबडा, कितीही आरवला तरी दुसऱ्याच्या अंगणात. पण लायटनने शेवटच्या महिन्यात मामांना निरोप धाडला होता: मला इथेच ठेवा, टेकडीच्या पायथ्याला. एनेलेसीने मला हे सांगितलं तेव्हा ती तांदळातले खडे निवडत होती. म्हणाली, “फालेसी, तिकडे नेला तर चालत चार तासांची वाट आहे. गुडघे चालतील तोवर जाईन. नंतर काय?”

मामा दुपारी आले, भाड्याच्या पिकअपमधून, बारा माणसं घेऊन. बिझवेक मामा काठीएवढेच सडपातळ. डोळ्यांत एरवी खोडकरपणा, पण त्या दिवशी ते डोळे सुजले होते. बाया पिठाच्या पराती डोक्यावर घेऊन येत होत्या. प्रत्येक घरातून पीठ आणि सरपण यायचं, अशी आमची मर्तिकाची रीत. पीठ येत होतं. सरपण म्हणून मात्र येत होत्या तुराट्या, त्याही गेल्या वर्षीच्या, वाळवी लागलेल्या. तुराटी भडकते आणि लगेच डोळे मिटते. तिच्यावर दीडशे माणसांची न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, कशी घोटणार? तळाचं पाणी उकळेना, वर पिठाच्या गुठळ्या. अंगणात पुरुषांसाठी जाळ करायचा, तिथे नुसताच धूर.

मामा ती सगळी फजिती बघत बसले. मग गावच्या वडीलधाऱ्यांसमोर म्हणाले, “भाच्याचा निरोप मला मिळालाय. त्याला इथे सोडायला माझी ना नाही. पण माझ्या बहिणीचा मुलगा मी कोणाच्या हाती सोडतोय, हे मला दिसायला हवं. आपल्यातला माणूस गेला की अंगणात ओंडका जळतो. मढं मातीत जातं, ओंडका असतो बसणाऱ्यांसाठी. इथे काय जळतंय? चिमणीचं घरटं?”

कोणी हसलं नाही.

“त्या टेकडीवर हजार झाडं उभी आहेत,” मामा म्हणाले. “त्यानेच राखलेली. त्यातलं एक त्याला द्या. एक. संध्याकाळपर्यंत अंगणात ओंडका दिसला तर उद्या कबर इथे. नाही दिसला तर उद्या सकाळी मी त्याला घेऊन जातो. तुम्हाला तो परकाच होता असं मी समजेन.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कारण एनेलेसी आत मढ्याशी बसलेली, आणि तिच्यामागे मंडळाची दुसरी मीच.

आता नियमाचं सांगते. मी वाचायला शिकले अडतिसाव्या वर्षी, खताच्या पोत्यांवरून आणि चर्चमधल्या गाण्यांच्या पुस्तकातून. मास्तर कोणी नाही. मंडळाचे नियम एका वहीत माझ्याच अक्षरात आहेत. बोल एनेलेसीचे, अक्षर माझं. तिसरा नियम असा: टेकडीवरचं उभं झाड कोणत्याही कारणासाठी, कोणाच्याही घरासाठी तोडायचं नाही. लग्न असो, मरण असो. दोन वर्षांपूर्वी डोरिकाची आई गेली तेव्हा डोरिकाने एक झाड मागितलं होतं. तेव्हा एनेलेसीनेच तिच्या खांद्यावर हात ठेवून नाही म्हटलं. डोरिका तीन महिने मंडळात आली नाही. मग आली, आणि आल्या आल्या म्हणाली, “तुमच्या त्या वड्या माझ्याशिवाय वाकड्या होतात,” आणि उखळाशी बसली.

मी आत गेले. एनेलेसी भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावरून कापड ओढलेलं. तिची मावशी पाय चोळत होती. मी कानाशी वाकून सगळं सांगितलं. मामांचं म्हणणं, ओंडका, संध्याकाळ.

तिने कापड आणखी खाली ओढलं. मग कापडाच्या आतून म्हणाली, “आज मी मंडळाची कोणी नाही. आज माझा नवरा गेलाय. तू ठरव.”

“एनेलेसी, तू नुसती मान हलव. मी—”

“तू ठरव, फालेसी.”

मी बाहेर आले तर दारात डोरिका. पिठाने पांढरे झालेले हात कमरेवर ठेवून उभी. म्हणाली, “तोंड का असं केलंस? दे झाड.”

“आणि तुझ्या आईच्या वेळी?”

“माझ्या आईच्या वेळी रडून झालं माझं. मी मागतेय का हिशोब? हिला मूल नाही, बाळ नाही. निदान नवऱ्याची कबर तरी दारात असू दे. मी स्वतः जाते कुऱ्हाड घेऊन. कोणी बोललं तर माझ्या नावावर टाक.”

“एकाला दिलं की उद्या सगळे येतील.”

“येऊ देत की. तेव्हाचं तेव्हा. तू काय टेकडीची सासू आहेस?”

मी हो म्हणायला हवं होतं. एवढं सोपं होतं. पण माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते, लपवत नाही. लायटनच जिवंत असता तर त्याने तोडू दिलं असतं का, असं आलं. ज्या बायांना मी चार गावांत हाच नियम वाचून दाखवला त्या काय म्हणतील, असं आलं. आणि सगळ्यांत आत, अगदी तळाला, हे आलं की दीडशे माणसं माझ्याकडे बघतायत आणि माझ्या पिशवीत ती वही आहे. लिहिता न येणाऱ्या बाईला हे कळायचं नाही, आणि शाळेत गेलेलीलाही नाही. ज्याने उशिरा अक्षर मिळवलं त्यालाच कळेल.

मी वही काढली आणि तिसरा नियम वाचला. मोठ्याने. एकदाही अडखळले नाही.

बिझवेक मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच विचारलं, “पोरी, हे वहीत लिहिणाऱ्याचं कोणी मेलंय का कधी?”

माझी दोन मुलं टेकडीपलीकडच्या कबरींत आहेत. पण ते मी बोलले नाही. मी म्हटलं, “मामा, झाड लायटननेच वाढवलं. त्याचं तोडून त्यालाच जाळ कसा करू?”

“छान बोलतेस,” ते म्हणाले. “वहीत आहे का हेही?”

संध्याकाळी लोकांनी अर्धकच्ची न्सिमा खाल्ली आणि बरेच जण पाय धुऊन घरी गेले.

सकाळी पेटी पिकअपमध्ये चढवली. एनेलेसीला दोन बायांनी धरून वर बसवलं. पेटीशेजारी, उघड्यावर. मी जवळ गेले आणि तिच्या पायांवर चादर टाकली. तिने ती नीट केली, माझ्याकडे पाहिलंही. रागाने नाही. ओळख नसलेल्या बाईकडे बसस्टॉपवर पाहावं तसं. पिकअप टेकडीला वळसा घालून गेली. झाडं पावसाने धुतलेली, हिरवीगार. एवढी सुंदर मी ती कधी पाहिली नव्हती, आणि त्या क्षणी मला ती कुठेतरी नकोशी झाली.

एनेलेसी महिनाभर तिकडेच होती, शोक पाळायला. त्या महिन्यात डोरिकाने सभा बोलावली. “नियम आपण केले, ते आपल्याला खाणार असतील तर त्यांचे दात कमी करू,” ती म्हणाली. नवा नियम ठरला: ज्या घरात मरण येईल त्या घराला टेकडीवरचं एक झाड, मंडळ निवडेल ते, आणि त्या घराने पावसात दहा रोपं लावायची. तेरा हात वर गेले. तेरावा माझा होता. वहीत मीच लिहिलं. अक्षर खराब आलं.

एनेलेसी परतली तेव्हा गालांची हाडं वर आली होती. नवा नियम तिला वाचून दाखवला. तिने ऐकलं, मान डोलावली, “चांगलं आहे,” म्हणाली. टेकडीवर गेली, धुमारे छाटले, पूर्वीसारखीच. फक्त महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ती पहाटे निघायची आणि शनिवारी परतायची. चार तास जायला, चार तास यायला. पहिल्या वेळी मी म्हटलं, मी येते सोबत. “नको,” ती म्हणाली. “वाटेत बोलावं लागेल.”

एप्रिलमध्ये ऊन पडलं, वड्या पुन्हा सुरू झाल्या. त्या दिवशी उखळाशी आम्ही दोघीच होतो. एक मुसळ तिचं, एक माझं, आळीपाळीने. मला राहवलं नाही.

“एनेलेसी, त्या दिवशी तू ठरवलं असतंस तर काय म्हणाली असतीस?”

तिचं मुसळ थांबलं नाही.

“नाहीच म्हटलं असतं,” ती म्हणाली. “डोरिकाला नाही म्हटलेलं तोंड माझं. त्याच तोंडाने स्वतःसाठी हो कसं म्हणू?”

माझ्या छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. एवढंसं, क्षणभर. मी म्हटलं, “म्हणजे मी तेच केलं जे तू—”

“म्हणून तर तुला सांगितलं,” ती म्हणाली. “मला वाटलं, तू हो म्हणशील.”

माझं मुसळ हवेतच राहिलं. ताल चुकला. तिचं मुसळ दोनदा पडलं, मग तीही थांबली. उखळातला लगदा तिने चिमटीत धरून पिळला. बोटांमधून पाणी गळालं.

“फार ओलं आहे,” ती म्हणाली. “कोंडा घाल अजून.”

मी कोंडा घातला.