पत्ता सांगायचा नाही

मुलीला सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. बोलायला लागली ती थांबलीच नाही. जिन्यात जो भेटेल त्याला अडवून ती पाण्याच्या टाकीत कबूतर कसं पडलं इथपासून खालच्या काकांची दाढ कशी निघाली इथपर्यंत सगळं हातवारे करून सांगायची. एकदा ऐकलेली गोष्ट तिला शब्दन् शब्द पाठ. फक्त वाचायला बसवलं की गाडी अडायची. ‘कमळ’चं ‘मकळ’ व्हायचं, आणि चौथीत आली तरी दुसरीचं पुस्तक काही सुटत नव्हतं.

आई रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला. मुलीचे वडील केव्हाच वेगळे झालेले. दिवसभर चादरी उपसून आली तरी ती लेकीला घेऊन बसायची, ओरडायची, मग स्वतःच रडकुंडीला यायची. शेवटी शाळेतल्या विशेष शिक्षिकेने तिला बोलावून घेतलं.

“ही आळशी नाही हो. अक्षरं तिच्या हातातून निसटतात. रीतसर तपासणी करू, मग तिला जमेल तसं शिकवू.”

तपासणी सुरूही झाली. आणि तेवढ्यात घर गेलं. इमारतीची मागची भिंत खचली, माणसांना बोचक्यांसकट रस्त्यावर काढलं आणि दारांना सील ठोकलं.

मायलेकी शहराच्या दुसऱ्या टोकाला, आईच्या भावाकडे गेल्या. जवळच्याच शाळेत रेडिओचं नाव घातलं. भावाच्या दोन खोल्यांत आधीच पाच माणसं. वहिनीने तोंडाने कधी काही म्हटलं नाही, पण हळूहळू तिची भांडी बोलायला लागली. आईने ते ऐकलं आणि शाळेपासून लांब, बेघर बायका-मुलांच्या निवाऱ्यात जागा मिळवली. एका मोठ्या खोलीत लोखंडी पलंग, मधे पडदे, आंघोळीला नंबर.

पहिल्याच सकाळी तिने लेकीला बजावलं, “शाळेत कुणी विचारलं तर मामाकडे राहतो म्हणायचं. निवाऱ्याचं नाव काढायचं नाही. कळलं तर तुला माझ्यापासून तोडून कुठेतरी वसतिगृहात टाकतील.”

“मग उशीर का झाला विचारलं तर?”

“काहीतरी सांग.”

“आणि मामा काय करतो विचारलं तर?”

“अगं, गप्प बसलीस म्हणजे झालं!”

रेडिओ गप्प बसली. आईला वाटलं होतं, दोन दिवस टिकेल. पण मुलगी शाळेत तोंडच उघडेना. एक शब्द बोलले तर दुसरा घसरेल, अशी तिला धास्ती. दोन बस बदलून उशिरा पोचायची, मागच्या बाकावर बसायची आणि पुस्तकाकडे बघत राहायची.

वर्गशिक्षिकेने आईला बोलावलं. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, समोर बसल्या होत्या. माणूस म्हणून वाईट नव्हत्या. खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. जुन्या शाळेत तपासणी चालू होती, एवढं आईने सांगितलं.

“घर बदललं की मुलं बावरतात,” त्या म्हणाल्या. “वाचायचं सोडा, ती बोलतसुद्धा नाही. तोवर तिसरीत बसू दे. तपासणीचं काय ते जरा स्थिरस्थावर झाल्यावर बघू.”

आई मान डोलावून निघाली. निवाऱ्यात परतल्यावर मात्र तिला भडभडून आलं. निवारा चालवणाऱ्या ताई कोठीच्या चाव्या शोधत होत्या. साठीच्या आसपासच्या, सदा घाईत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“स्थिरस्थावर म्हणजे कधी?” त्या म्हणाल्या. “तुम्हाला घर कधी मिळेल ते तुम्हाला ठाऊक नाही, मला ठाऊक नाही. पोरीने तोवर काय, वाट बघायची? घर नाही म्हणून मुलाची तपासणी लांबवता येत नाही, असा नियम आहे. सुरू झालेली असेल तर नव्या शाळेने पुढे न्यायची. हवं तर पोरगी जुन्याच शाळेत जाऊ शकते. न्यायची-आणायची सोय शाळांनी करायची.”

“पण त्यासाठी आम्ही इथे राहतो हे सांगावं लागेल ना?”

“लागेल.”

“आणि तिला घेऊन गेले तर?”

“नुसतं इथे राहतं म्हणून कुणाचं मूल नेलेलं मी तरी पाहिलं नाही. आणि मी येते की सोबत.”

आईने लगेच होकार दिला नाही. कितीतरी दिवस ती ओल्या चादरींचे ढीग यंत्रात कोंबताना हाच विचार करत राहिली. मग लेकीचं नाव खरंच तिसरीच्या हजेरीत गेल्याचं कळलं, तेव्हा ती ताईंना म्हणाली, “चला.”

मोठ्या बाईंच्या खोलीत तिघी बसल्या. वर्गशिक्षिका दाराशी उभ्या होत्या.  सुरुवात कुठून करायची ते आईला सुचेना. मग मोठ्या बाईंनीच रेडिओला विचारलं, “काय गं, मामाकडे करमतं का तुला?”

रेडिओ आईकडे वळून हळूच म्हणाली, “आई, काय सांगू?”

आईला वाटलं, आपण पोरीचं हे काय करून ठेवलं?

“खरं सांग,” ती म्हणाली.

आणि धरण फुटलं. मामाकडे सकाळी न्हाणीपुढे कशी सात जणांची रांग लागायची, निवाऱ्यात पडद्यापलीकडची आजी कशी घोरते, दुसरी बस हात दाखवला तरी कशी थांबत नाही, आणि घर कुठे विचारू नये म्हणून आपण कुणाशी मैत्रीच कशी केली नाही, सगळं. वर्गशिक्षिका आ वासून ऐकत होत्या.

“ही एवढं बोलते?”

“हे काहीच नाही,” आई म्हणाली. मग तिलाही बोलता आलं. “बाई, स्वतःचं घर होतं तेव्हाही हिला वाचता येत नव्हतं. जुन्या शाळेतल्या बाई त्याचंच कारण शोधत होत्या. ते मधेच राहिलं. मी पत्ता लपवला ही माझी चूक. पण तिला खाली नका बसवू.”

 “आम्हीही जुन्या शाळेला विचारलं नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि तिथल्या तिथे फोन लावला.

तपासणी पुढे न्यायचं आणि रेडिओने जुन्या शाळेत परतायचं लगेच ठरलं. तिला न्यायच्या-आणायच्या गाडीवरून मात्र घासाघीस झाली.

“गाडी काय माझ्या खिशात आहे?” मोठ्या बाई म्हणाल्या.

“तुमच्या नाही, पण शिक्षण खात्याच्या खिशात आहे,” ताई म्हणाल्या. “मीच जाते त्यांच्याकडे.”

रेडिओ जुन्या शाळेत परतली, चौथीतच. गाडी सुरू व्हायला वेळ लागला. तोवर आईने कामाची पाळी बदलून घेतली आणि स्वतः पोचवलं. तपासणी पुरी झाली, वाचनातला दोष असल्याचं पक्कं झालं. विशेष शिक्षिका तिला रोज वेगळं घेऊन बसायला लागल्या. बोटाने वाळूत अक्षर गिरवायचं, मोठ्याने म्हणायचं, मग कागदावर. प्रगती मुंगीच्या पावलाने. काही दिवस रेडिओ पुस्तक भिरकावूनही द्यायची.

परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला एक निवृत्त मास्तर नेमले होते. पहिल्या पेपरानंतर ते कुरकुरत आले, “ही मुलगी मला प्रश्न पुरा करूच देत नाही. निम्म्यातच उत्तर!”

निकाल लागला. भाषेत काठावर पास, विज्ञानात वर्गात दुसरी. उन्हाळ्याच्या सुट्टीत खोलीही मिळाली, शाळेपासून आणखी लांब. किल्ली हातात घ्यायच्या आधी आईने शाळेत फोन लावला आणि नवा पत्ता सांगून गाडी तिथवर येईल ना, एवढं विचारून घेतलं.