गायरानातलं गवत

लातूर नवा जिल्हा झाला, त्या साली मृगानं दोन सरी टाकल्या आणि पावसानं तोंड फिरवलं. शिवारात हिरवं उरलं ते गायरानात ओढ्याकाठी, कमरेएवढं गवत. सरपंच किशनरावांनी बौद्धवाड्यातल्या व्यंकटीला राखणीला बसवलं. "दिवाळीला सगळ्यांना सारखं वाटू. तोवर काडी हलायची न्हाई."

'सारखं' हा शब्द व्यंकटीला लई आवडला.

त्या गवतात वटवट्याची जोडी होती. अंगठ्याएवढं पाखरू. पाठ मातकट, पोट मळकट पांढरं, लांब शेपटी सतत वरखाली. नर शेंड्यावर झुलत दिवसभर चिरचिरायचा. सगळ्यात दाट बेटात त्यांनी पाती विणून पिशवीसारखं घरटं केलं होतं. आत उघडी पिल्लं.

एकदा व्यंकटीची बायको भामाबाई विळा घेऊन आली. "शेळी उठंना. तेवढं बेट कापू द्या."

"त्यात पिल्लं हायत. आन् वाटणी ठरलीय."

"पाखराचं कळतं तुमाला. घरचं न्हाई कळत."

तो आडवा आला. शेळी मेली. भामाबाईनं त्याच्याशी बोलणं सोडलं.

मग खबर आली, मंत्री दुष्काळ बघायला येणार. हेलिकॉप्टरला सपाट जागा पाहिजे. सकाळीच किशनरावांची माणसं विळे घेऊन गायरानात उतरली, मागं ट्रॅक्टर.

व्यंकटी बेटापुढं उभा राहिला. "एवढं सोडा, मालक. पिल्लं उडायला आलीत."

"हेलिकॉप्टरला थांब म्हणून सांगू का?" किशनराव म्हणाले. माणसं हसली. दोघांनी व्यंकटीला धरून बाजूला केलं.

ट्रॅक्टर फिरला. नर वर घिरट्या घालत राहिला. त्याला बसायला एक काडी उभी नव्हती.

गवताच्या गाड्या किशनरावांच्या गोठ्याकडं वळल्या.

"मालक, वाटणी?"

"सरकारी कामात वाटणी कसली रे?"

मंत्री मोटारीनं आले, चावडीत चहा घेऊन गेले. गायरानात कुणी पाय ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी भामाबाई रोजगार हमीच्या खडीवर निघाली.

"मी बी येतो," व्यंकटी म्हणाला.

ती थांबली. कितीतरी दिवसांनी बोलली, "या. पर तिथं कुणाची राखण करू नका."

शिरूर अनंतपाळच्या रस्त्यानं ती पुढं, तो मागं, असे दोघं चालत गेले.