कपाटामागची लेझीम

मी एक जुनी लेझीम आहे. सागाचा दांडा, लोखंडी साखळी आणि साखळीत ओवलेल्या चकत्या, एवढाच माझा संसार. मित्रांनो, सौंसरच्या एका सुताराने माझा दांडा तासला, लोहाराने साखळी जोडली आणि वीस वर्षांच्या श्रावणने मला हौसेने घरी आणले.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत श्रावण पहिल्या रांगेत असे. ताशा कडाडला की तो बसून, उठून, गिरकी घेऊन मला असा वाजवी की म्हातारीकोतारी ओट्यावर येऊन उभी राहत. लोक त्याला शाबासकी देत. खरे सांगते, ती मी माझीच समजत असे.

मग त्याला नगरपालिकेत नोकरी लागली, इंदूशी लग्न झाले, मुले झाली. मी खुंटीवरून कपाटामागे गेले. माझ्यावर गंज चढला आणि श्रावणच्या पोटावर चरबी. दोघांकडेही कोणी बघितले नाही.

गेल्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी श्रावणचे रक्त तपासले. कोलेस्टेरॉल फार वाढलेले निघाले. त्याचे थोरले भाऊ उत्तम पन्नाशीतच हृदयविकाराने गेले होते, त्यामुळे इंदू धास्तावली. डॉक्टर म्हणाले, गोळी घ्या आणि रोज व्यायाम करा. श्रावण रोज पहाटे फिरायला निघू लागला. इंदू निश्चिंत झाली. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तर आकडा जेमतेमच हलला होता!

गोम कळली ती कपडे धुताना. सदऱ्यावर तर्रीचे, म्हणजे पोह्यांवर ओततात त्या तिखट रश्श्याचे, लाल डाग होते. आमच्या भागात सकाळी फिरायला गेलेला माणूस पोह्यांच्या ठेल्यावर थांबला नाही, तर त्याला फिरून आल्यासारखे वाटतच नाही.

"तुम्ही फिराले जाऊन राहिले का पोहे खाले जाऊन राहिले?" इंदूने विचारले.

"अवं, एकट्याले चालाचा लय कंटाळा येते. पोह्याच्या आशेनं तरी पाय उचलते," श्रावण ओशाळून म्हणाला.

इंदू हसली नाही. "उत्तमभाऊजी गेले तवा मी तुमचा हात धरून उभी होती. तुम्हाले काही झालं तं माहा हात कोण धरन?"

मग इंदूनेच कपाटामागे हात घालून मला ओढून काढले. मी इतक्या वर्षांनी खुळखुळले, तेही खरखरत.

"चालाचा कंटाळा येते न? मंग हे तं आवडे तुम्हाले! मलेही शिकवा. माह्या बाबानं कधी हात लावू देला नाई."

त्या दिवशी श्रावणने माझा गंज घासला, तेल लावले. दुसऱ्या सकाळी अंगणात इंदूने रिकाम्या डब्यावर ताल धरला. श्रावणला चार ठेक्यांतच धाप लागली आणि तो पायरीवर बसला. मग मी इंदूच्या हातात, डबा श्रावणच्या. ती उजवीकडे वळायचे तिथे डावीकडे वळली आणि दोघे पोट धरून हसले. रोज थोडा वेळ वाढत गेला. शेजारची प्रतिभा आधी कुंपणावरून हसत होती, दिवाळीनंतर तीही आपली लेझीम घेऊन आली. गोळी चालूच राहिली, पोहे फक्त रविवारी, तेही बिनतर्रीचे. त्यावर श्रावण अजून कुरकुरतो.

मार्चमध्ये आकडा उतरला. इंदूने तो कागद दोनदा वाचला आणि पदराने डोळे पुसले.

यंदाच्या मिरवणुकीत पहिल्या रांगेत मी होते, पण इंदूच्या हातात! शेजारी श्रावण, उसनी आणलेली लेझीम घेऊन. एका गिरकीला इंदूचा तोल गेला. श्रावणने पटकन तिचा हात धरला आणि ताल सुटू दिला नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी आवडती गोष्ट कपाटामागे गंजत असेल. तिला बाहेर काढा, पुसा आणि रोज खेळा, एखाद्या सणापुरते नको. तुमचा हात धरून उभे राहणारे माणूस घरात आहे, त्याच्यासाठी तरी.